पार्किंगमधली पंगत

माधव रेगे यांच्या मेहुण्याने लंडनमधल्या हाउन्सलोच्या घरात पाऊल टाकल्यापासून इंग्लंडचा फ्रिज, इंग्लंडचे रस्ते, इंग्लंडचं दूध आणि इंग्लंडचे नळ या सगळ्यांना अमेरिकेच्या मानाने नापास केलं होतं. माधवरावांनी त्यातलं काहीच मनाला लावून घेतलं नव्हतं. फ्रिज लहान होता हे खरंच होतं. गरम पाण्याचा नळ एका टोकाला आणि गार पाण्याचा दुसऱ्या टोकाला, त्यामुळे हात धुणारा माणूस एक तर भाजतो नाही तर गारठतो, हेही त्यांना इतक्या वर्षांत कळून चुकलं होतं. पण बुधवारी संध्याकाळी जेवताना शशिधर फुटबॉलवर आला आणि तिथे माधवरावांचा तोल गेला.

शशिधर हा सुमनताईंचा धाकटा भाऊ. अमेरिकेत मिलवॉकीला एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, आणि पुण्याला जाता जाता आठवडाभर बहिणीकडे उतरला होता. उतरण्यामागे हेतू होता. त्याने आपल्या कंपनीत माधवरावांसाठी नोकरी बघून ठेवली होती. "भावोजी, तुम्ही नुसतं हो म्हणा," असं तो रोज चहाबरोबर म्हणायचा. सुमनताई म्हणाल्या होत्या, "विचार करायला काय हरकत आहे?" आणि सुमनताईंनी हे वाक्य उच्चारलं की गोष्ट ठरली, असा त्या घरातला आजवरचा अनुभव होता. पंधरा वर्षांची मुलगी रश्मी तर मामाच्या गावात आपली खोली केवढी असेल इथपर्यंत पोचली होती.

माधवरावांना जायचं नव्हतं. ते हीथ्रोजवळच्या एका कार्गो कंपनीत होते. घरासमोरून बस, बसमधून उतरलं की ऑफिस, ऑफिसात सगळे ओळखीचे. त्यांना इथे बरं वाटत होतं. पण बरं वाटणं हे काही कारण म्हणून चारचौघांत मांडता येत नाही, आणि जे जे मांडता येण्यासारखं होतं ते सगळं अमेरिकेत जास्त मोठं आणि जास्त स्वस्त होतं.

त्या संध्याकाळी शशिधर टेलगेटिंगबद्दल सांगत होता. तिकडे मॅच असली की लोक चार तास आधी स्टेडियमच्या पार्किंगमध्ये जातात, गाडीची ट्रंक उघडतात, शेगडी पेटवतात, खुर्च्या टाकतात आणि खातात. शेजारची गाडी अनोळखी असली तरी तिच्यातलं आपल्याकडे येतं, आपलं तिच्याकडे जातं. त्याने बरीच स्टेडियमं पालथी घातली होती आणि प्रत्येकाला मनात मार्क देऊन ठेवले होते. ग्रीन बेला थंडी अशी की सॉसेज शेगडीवरून ताटात येईपर्यंत गार होतं, पण माणसं हलत नाहीत. बफेलोला माणसं थोडी वेडी, पण मनाने मोकळी. कॅन्सस सिटीला मांसाच्या धुरानेच निम्मं पोट भरतं, म्हणून ते पहिलं.

"इथे काय करतात हो मॅचच्या आधी?" त्याने विचारलं.

माधवराव इंग्लंडात आल्यापासून एकदाही फुटबॉलच्या मैदानावर गेले नव्हते. टीव्हीवर त्यांनी जे पाहिलं होतं त्यात मॅचच्या आधी घोड्यावरचे पोलीस माणसांना स्टेशनवरून हाकत नेत होते आणि ती माणसं चालता चालता पाय खात होती. इथे पाय म्हणजे मांस भरलेली करंजी, पण ते समजावून सांगितलं असतं तरी त्याने इंग्लंडची बाजू सावरली नसती. सुमनताई भावाकडे कौतुकाने बघत होत्या, रश्मी त्याच्याकडे बघत होती, आणि माधवरावांना समोर मिलवॉकी दिसत होतं.

"इथेही असतं की," ते म्हणाले. "फार जुनी पद्धत आहे. शनिवारी दाखवतो."

सुमनताईंचा आमटीचा डाव हवेत थांबला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून माधवरावांनी बेसिंगस्टोकला विनयला फोन लावला. डॉक्टर विनय हा त्यांचा शाळेपासूनचा मित्र. हॉस्पिटलात भूल द्यायचा. माधवरावांनी त्याला सगळं सांगितलं. त्याच्या घरापासून जवळच मार्लिंगफर्ड नावाचं गाव होतं आणि तिथे एक व्यावसायिक क्लब होता, रोव्हर्स म्हणून, कायम तळाशी असलेला. त्यांच्या मॅचला गर्दी नसते, तेव्हा पार्किंगमध्ये जागा भरपूर, असं त्याचं म्हणणं पडलं. तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या चार घरांना गाड्या घेऊन आणायचं त्याने कबूल केलं.

"पण मी म्हणतो, त्याला खरं सांगितलं तर काय होईल?" विनयने विचारलं.

"मिलवॉकी होईल," माधवराव म्हणाले.

तेव्हा असं ठरलं की विनयच्या मंडळींनी दहाच्या आत पार्किंगमध्ये जमायचं, बूट उघडून ठेवायचे, शेगड्या पेटवायच्या आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आलो आहोत असा चेहरा ठेवायचा. इथे एक सांगायला हवं. गाडीच्या डिकीला अमेरिकेत ट्रंक म्हणतात आणि इंग्लंडात बूट म्हणतात. पुढे जे झालं त्याला हा शब्दच कारणीभूत झाला.

शनिवारी सकाळी रश्मीचा सेलोचा क्लास होता. सेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, रश्मीच्या खांद्याला लागेल एवढा. तो शाळेचा होता आणि सोमवारी परत करायचा होता. क्लास बुडवणार नाही असा तिने हट्ट धरला, त्यामुळे तिला परस्पर तिथून उचललं आणि सेलो मागे बूटमध्ये आडवा घातला. त्याच्या भोवती कॅम्पिंगचा गॅस, लोखंडी कढई, बटाटेवड्याच्या सारणाचं पातेलं, भिजवलेल्या पिठाचा डबा, घडीच्या खुर्च्या आणि चहाचे दोन थर्मास. ट्रॅफिकमुळे उशीर झाला. मार्लिंगफर्डला पोचले तेव्हा क्लबच्या फाटकावर पिवळ्या जाकिटातला एक माणूस उभा होता. त्याने गाडीच्या मागच्या काचेतून कढई, खुर्च्या आणि सेलो पाहिला, समजल्यासारखी मान हलवली आणि पलीकडच्या मैदानाकडे हात केला.

पलीकडच्या मैदानात शंभरेक गाड्या ओळीने उभ्या होत्या. सगळ्यांचे बूट उघडे होते. माणसं घडीच्या खुर्च्यांवर बसून थर्मासमधून चहा पीत होती आणि ओळींमधून गर्दी फिरत होती.

शशिधर गाडीतून उतरून नुसता उभा राहिला. माधवरावही उभे राहिले. विनयने चार घरं सांगितली होती. त्याने एवढं केलं असेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि मित्राबद्दल त्यांचा ऊर भरून आला.

"भावोजी, कॅन्ससला सुद्धा मॅचच्या आधी चार तास एवढी गर्दी नसते," शशिधर हळू आवाजात म्हणाला.

मैदानाच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत कार बूट सेल असा फलक होता. शशिधरने तो वाचला. तेरा वर्षं अमेरिकेत राहिलेल्या माणसाला बूट म्हणजे पायात घालायचेच ठाऊक. तो म्हणाला, इथे खेळाडूंचे जुने बूट विकून क्लबला मदत करतात वाटतं, चांगली कल्पना आहे. माधवरावांनी हो म्हटलं. तेवढ्यात रश्मीने त्यांची बाही ओढली.

"बाबा, हे टेलगेटिंग नाहीये. हे कार बूट सेल आहे. लोक घरातला जुना जंक विकतात. माझी फ्रेंड एव्हरी वीक जाते."

माधवरावांनी पुन्हा एकदा सगळीकडे पाहिलं. आता त्यांना गाड्यांपुढच्या टेबलांवर मांडलेले दिवे, कपबश्या, बाबागाड्या आणि फुटके आरसे दिसले. विनय कुठेच नव्हता. खरं बोलायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती, पण शशिधर समोरून येत होता आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"इथे लोक घरचं फर्निचर पण आणतात?" त्याने विचारलं. "तो बघा, एकाने सोफा आणलाय. आणि त्या बाईंनी टॉयलेटची सीट."

"घरच्यासारखं वाटावं म्हणून," माधवराव म्हणाले. "मॅच लांबली तर लहान मुलांची पंचाईत होते."

रश्मीने तोंडावर हात दाबला आणि ती सुमनताईंच्या मागे गेली. सुमनताईंनी नवऱ्याकडे एकदाच पाहिलं, मग पदर खोचला आणि गॅस पेटवला. त्यांना जे काही बोलायचं होतं ते त्यांनी घरी जाईपर्यंत राखून ठेवलं.

पहिला घाणा निघाला तेव्हा टोपीवाला एक म्हातारा येऊन कढईपाशी उभा राहिला. त्याने वड्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सुमनताईंच्या हातातला झारा त्याला आवडला होता. त्याने किंमत विचारली. सुमनताईंच्या आधी शशिधर पुढे झाला. टेलगेटिंगमध्ये किंमत विचारणं हा त्याच्या दृष्टीने म्हाताऱ्याचा भिडस्तपणा होता. त्याने झारा पुसून त्याच्या हातात ठेवला आणि इंग्रजीत सांगितलं की आमच्यात असं काही नसतं, जे आवडेल ते घ्या. म्हाताऱ्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि तो झारा घेऊन गेला. जाताना वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला तो काहीतरी सांगत होता.

थोड्या वेळाने त्यांच्या गाडीपुढे रांग लागली. एका बाईंनी दोन घडीच्या खुर्च्या नेल्या. एकाने थर्मास नेला, त्यातल्या चहासकट. कुणीतरी छत्री, कुणीतरी पिठाच्या डब्याचं झाकण. माधवराव प्रत्येकाच्या मागे दोन पावलं जात आणि परत येत, कारण शशिधर बघत होता. "भावोजी, तुम्ही इतके का अवघडताय?" तो म्हणाला. "बफेलोला मी एकदा अंगावरचं जाकीट देऊन आलो होतो."

आणि देणं झालं म्हणून तो घ्यायला निघाला. समोरच्या गाडीवाल्याच्या सोफ्यावर तो ऐसपैस बसला आणि शेजारच्या डब्यातलं सँडविच उचलून त्याने खाल्लं. गाडीवाल्याला आधी वाटलं हा गिऱ्हाईक आहे, सोफा बसून बघतोय. सँडविच संपल्यावर त्याला शंका आली. शशिधर त्याचा हात हातात घेऊन मनापासून आभार मानून उठला, पुढच्या गाडीपुढचा पितळी दिवा उचलला, त्या बाईंनाही धन्यवाद दिले आणि दिवा आणून आपल्या बूटमध्ये ठेवला. तिथून तो चौथ्या गाडीपर्यंत गेला. तो परत आला तेव्हा त्याच्याकडे एक भिंतीवरचं घड्याळ, एक बुद्धिबळाचा पट आणि अर्धा केक होता, आणि त्याच्या मागे पाच माणसं होती.

त्यांच्या पुढे गमबूट घातलेल्या एक उंच बाई होत्या. सेल त्या चालवत होत्या. मैदान चर्चचं होतं आणि येणारा पैसा त्याच्या छपराच्या दुरुस्तीसाठी होता. आपल्या पंधरा वर्षांच्या कारभारात असा प्रकार कधी घडला नव्हता, असं त्या माधवरावांना अगदी शांतपणे म्हणाल्या. हे गृहस्थ वस्तू उचलतात आणि आभार मानतात. चोर असते तर आभार मानले नसते, म्हणून त्यांनी अजून पोलिसांना बोलावलं नव्हतं. या सगळ्याचा अर्थ काय तेवढा सांगा.

माधवरावांनी तोंड उघडलं. नेमकं त्याच वेळी रश्मी बूटमध्ये डोकं घालून ओरडली की सेलो गेला.

"तो ना, एका दाढीवाल्याला दिला," शशिधर म्हणाला. "त्याला फार आवडला. तुम्हीच आणला होता ना द्यायला?"

रश्मीचं हसू त्या क्षणी संपलं. सोमवारी शाळेत काय सांगायचं म्हणून तिचे डोळे भरले. माधवरावांनी उंच बाईंना क्षमा करा म्हटलं आणि ते धावले. कितीतरी वर्षांत ते बससाठीसुद्धा धावले नव्हते. कपबश्या ओलांडत, बाबागाड्या चुकवत ते तिसऱ्या ओळीपर्यंत गेले तेव्हा गर्दीच्या डोक्यांवरून सेलोची मान डोलत जाताना दिसली. दाढीवाल्याला गाठून त्यांनी धापा टाकत सांगितलं की हे वाद्य माझ्या मुलीचं आहे. दाढीवाला चांगला माणूस होता, पण ठाम होता. त्याला एका सद्गृहस्थाने ते दिलं होतं. त्याच्या पबच्या कोपऱ्यात ते शोभणार होतं. पैसे देतो म्हटल्यावर तो उलट दुखावला. फुकट मिळालेली वस्तू विकणारा माणूस आपण नाही, असं त्याचं म्हणणं. मग त्याने नाक वर करून वास घेतला आणि विचारलं, तिकडे ते काय तळताय?

माधवराव सेलो आणि दाढीवाला दोघांनाही घेऊन परतले तेव्हा उंच बाई रेग्यांच्या उरलेल्या एकुलत्या खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात वडा होता. सुमनताईंनी माधवरावांची वाट बघितली नव्हती. आलेल्या पाची जणांना त्यांनी एकेक वडा दिला होता, दिवा, घड्याळ आणि पट ज्याचे त्याला परत केले होते, आणि माझा भाऊ फार लांबून आला आहे एवढंच सांगितलं होतं. सोफ्यावाला दुसरा वडा खात होता. सँडविचबद्दल त्याची काही तक्रार उरली नव्हती. दाढीवाल्याला वाटीभर चटणीसकट चार वडे मिळाले आणि सेलो रश्मीकडे आला. ती तो दोन्ही हातांनी धरून गाडीत जाऊन बसली आणि दार आतून लॉक केलं.

विनय आला तो याच वेळी. त्याच्या मागे चार गाड्या होत्या आणि तो चिडलेला होता. ही मंडळी पहाटे उठून क्लबच्या खऱ्या पार्किंगमध्ये शेगड्या पेटवून बसली होती. तिथे त्यांच्याशिवाय कुणी नव्हतं. धूर बघून आधी क्लबचा माणूस आला, मग पोलीस आला, आणि दोघांनी मिळून त्यांना कोपऱ्याकोपऱ्यातून हाकलत शेवटी फाटकाबाहेर काढलं होतं.

"अरे, कुठे होतास तू?" तो माधवरावांच्या कानाशी म्हणाला. "आणि ही एवढी माणसं तू कुठून जमवलीस?"

"नंतर सांगतो," माधवराव म्हणाले. "आधी शेगडी पेटव. पीठ संपत आलंय."

विनयच्या बायकोने, वैजयंतीने, मिसळीचा कट आणला होता, आणखी कुणी भजी, कुणी पुऱ्या. पाच गाड्यांचे बूट उघडले. उंच बाईंनी ओळींमधून फिरून सगळ्यांना सांगितलं की इकडे काहीतरी खायला आहे, आणि विकणारे लोक आपापली टेबलं सोडून आले. कुणी आपला केक आणला, कुणी सफरचंदं. सोफा चार जणांनी उचलून मध्ये आणून ठेवला आणि त्यावर वयस्कर लोक बसले. पितळी दिव्यावाल्या बाईंनी कट प्यायल्यावर त्यांना बराच वेळ बोलता येईना, पण त्यांनी वाटी पुन्हा पुढे केली. झारा नेलेला म्हातारा तो घेऊन परत आला आणि वडे काढायला उभा राहिला. त्या दिवशी त्या मैदानावर कुणी काही विकत होतं असं सांगितलं असतं तर कुणाला पटलं नसतं.

एकच्या सुमारास बाजार उठला. लोकांनी बूट बंद केले, हात हलवले आणि गाड्या एकामागून एक रस्त्याला लागल्या. मॅच तीनला होती. शशिधर हे बघत राहिला.

"हे मॅचला थांबत नाहीत?" त्याने विचारलं.

माधवरावांच्या तेव्हा लक्षात आलं की आपणही तिकिटं काढलेली नाहीत. ते कबूल करायला त्यांनी घसा साफ केला, पण शशिधरचं तिकडे लक्ष नव्हतं. मी स्वतः इतकी वर्षं जातोय, तो म्हणाला, पण आत एकदाही गेलो नाही, तिकीटच मिळत नाही. आणि मनात कायम वाटायचं की आपण उपरे, पार्किंगपुरते. "इथे बघा. मॅच बघायची नाही, स्कोअर विचारायचा नाही, नुसतं जमायचं आणि खायचं. भावोजी, आम्ही अजून लहान आहोत यात. कॅन्सस दुसरं."

गाडीत बसताना तो एकदम गंभीर झाला आणि म्हणाला की मिलवॉकीच्या नोकरीचं तुम्ही मनातून काढून टाका, अशी जागा सोडून माणसाने कुठे जाऊ नये. सुमनताई खिडकीबाहेर बघत होत्या. तिकडेच बघत त्या म्हणाल्या की गेली कित्येक वर्षं एवढी माणसं आपल्याकडे जेवली नव्हती, आणि घरी पोचल्यावर माधवरावांना जे ऐकून घ्यायचं होतं त्यातलं त्यांना निम्मंच ऐकावं लागलं. शशिधर पुण्याला गेला, तिथून अमेरिकेला गेला. रेग्यांच्या घरात मिलवॉकीचं नाव निघेनासं झालं. माधवराव सकाळी बसस्टॉपवर उभे राहून पाठीमागे हात बांधत आणि समाधानाने पावसाकडे बघत.

जानेवारीत एका रविवारी फोन वाजला. सुमनताई बराच वेळ बोलल्या, मध्ये दोनदा डोळे पुसले, आणि मग रिसीव्हर नवऱ्याच्या हातात दिला.

"भावोजी, कंपनी बेसिंगस्टोकला ऑफिस उघडतेय," शशिधर म्हणाला. "इकडून कुणी यायला तयार नव्हतं. मी हात वर केला. तीन वर्षं तरी नक्की. घर मिळेपर्यंत तुमच्याकडेच राहायचं असं ताई म्हणतेय."

माधवराव म्हणाले, वा, फार छान. रश्मी जिन्यावर बसून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. सुमनताई अडगळीच्या छोट्या खोलीतली खोकी बाहेर काढायला लागल्याचा आवाज येत होता.

"येत्या शनिवारी सकाळी सहाला उतरतो," शशिधर सांगत होता. "सामान टाकलं की निघू. या सीझनला सगळी मैदानं करायची, एकेक शनिवार एकेक. मी नकाशा आणलाय. पहिलं कुठलं करू या, तुम्हीच सांगा."

बाहेर गारांसारखा पाऊस पडत होता. माधवरावांनी कोचावरचा पेपर ओढला आणि आयुष्यात पहिल्यांदा खेळाचं पान उघडून शनिवारच्या मॅचेस कुठे कुठे आहेत ते वाचायला सुरुवात केली.

"पोर्ट्समथला एक आहे," ते म्हणाले. "समुद्राजवळ आहे, वारा असेल. सुमनला सांगतो, गॅसला आडोसा म्हणून काहीतरी घ्यायला."